कमी वजनाचा रुपया हाती आल्यास

राणीछाप चांदीच्या रुपयाचे ठरलेले वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम असते. हाती आलेल्या 1862 च्या रुपयाचे वजन 11.45 ग्रॅम भरले म्हणून त्याला लगेच खोटा किंवा टांकसाळीतील चूक ठरवू नये. 1906 च्या नाणे कायद्यानेही 2 टक्क्यांपर्यंतची घट, म्हणजे सुमारे 11.43 ग्रॅमपर्यंतचे वजन, व्यवहारात चालवून घेतले होते. मात्र राणीच्या केसांच्या रेषा आणि अक्षरे ठसठशीत असूनही वजन 11 ग्रॅमच्या खाली गेले, तर संशय घेणे रास्त आहे.

अशा वेळी आधी कड पाहावी. आपल्याकडे रुपये दागिन्यांत ओवले जात, त्यामुळे कडेला कडी काढल्यानंतरचा डाख, बुजवलेले छिद्र किंवा एकाच बाजूचे दाते कानशीने घासलेले भिंगाखाली स्पष्ट दिसतात. ही सारी नंतरची इजा होय.

कडेचा तुकडा तुटलेले नाणे खरोखर टांकसाळीतील चूक असेल, तर त्या तुटीच्या नेमक्या समोरच्या बाजूची कड बहुधा अस्पष्ट किंवा पसरट असते आणि तुटीजवळची अक्षरे किंचित ओढल्यासारखी दिसतात. घरी कापलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत राहते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत!

लोहचुंबकाला चिकटणारा राणीछाप रुपया संशयास्पद मानून बाजूलाच ठेवावा, पण 1947 चा रुपया निकेलचा असल्याने तो चिकटणारच. वजनासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा आणि नाणे कधीही घासून चकचकीत करू नये.