जागल्याचे संरक्षण : सिद्ध कोणी करायचे?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या खरेदीत गैरव्यवहार होत असल्याचे हिशेब विभागातील एका सहकाऱ्याच्या लक्षात आले आहे, तरीही तो तक्रार करायला धजावत नाही. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले की संरक्षण पुरेसे होत नाही का? जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा बळकट करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : नाव गुप्त राहायलाच हवे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. मंजूर निविदेतील दर आणि बिलातील दर यांतील तफावत जिथे दोन-तीन टेबलांवरच दिसू शकते, तिथे तक्रारीच्या मजकुरावरूनच तक्रारदार ओळखू येतो. त्यानंतरचा सूडही सहसा उघड बडतर्फीचा नसतो. आडबाजूला बदली होते, गोपनीय अहवालात ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो, बढती रखडते आणि या प्रत्येक गोष्टीचे प्रशासकीय कारण कागदावर तयार असते. ते कारण खोटे असल्याचे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करायचे, तर त्यासाठी लागणाऱ्या फायली नेमक्या वरिष्ठांच्याच कपाटात असतात.

म्हणूनच सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर, ही तरतूद मला सर्वांत कळीची वाटते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, आपण तक्रार केली आणि आपले नुकसान झाले एवढे कर्मचाऱ्याने दाखवले, की आपल्या कारवाईला दुसरे रास्त कारण होते हे मालकाला सिद्ध करावे लागते. तक्रारीची पोच ७ दिवसांत देण्याचे बंधनही त्यात आहे. भारतात २०१४ मध्ये कायदा संमत झाला खरा, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. शिवाय त्याचा रोख सरकारी कारभारावर असल्याने खासगी कंपन्यांतील कर्मचारी त्याबाहेरच राहतात.

अमेरिकेत रोखे बाजारातील मोठ्या गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्याला वसूल झालेल्या दंडाच्या १० ते ३० टक्के रक्कम मिळू शकते. यावर अनेकजण नाक मुरडतात. मात्र नोकरी गमावलेल्याने वकिलाची फी कोठून द्यायची, हे त्यांनी सांगावे.

राहिला प्रश्न वेळेचा. खटला वर्षानुवर्षे चालला, तर अखेरीस बाजूने लागलेला निकालही फारसा कामाचा राहत नाही. त्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत बदली किंवा बडतर्फीला अंतरिम स्थगिती मिळवण्याची सोय कायद्यातच असायला हवी.