औंधच्या संग्रहालयात जाण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

साताऱ्याचं संग्रहालय पाहून झालं, आता औंधचं बघायचंय, असं तुझं पत्र आलं. फार बरं वाटलं. फक्त यमाईच्या दर्शनाला गेलोच आहोत तर येता येता अर्ध्या तासात उरकू, असं करू नकोस. अख्खा दिवस त्यासाठीच ठेव, आणि त्या दिवशी ते उघडं आहे ना, याची आधी चौकशी कर.

श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या उतारावर आहे. आत गेल्यावर सगळे राजा रविवर्म्याच्या चित्रांकडे वळतात. तूही वळशील. आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असायचा तो छापील रविवर्मा. इथं मूळ तैलचित्रं आहेत, तेव्हा मोबाइल खिशात ठेव आणि लुगड्याच्या काठावरची चमक रंगाच्या कुठल्या फटकाऱ्यातून आली ते शोध. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं दगडी शिल्पही तिथंच आहे. ते चुकवू नकोस.

मग स्वतःला विचार, खटाव तालुक्यातल्या या दुष्काळी मुलखात हे सगळं आलंच कसं?

उत्तर बाळासाहेब पंतप्रतिनिधींपाशी आहे. औंधचे राजे, स्वतः चित्रकार, कीर्तन करणारे, सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. लोक या संग्रहाला राजाचा छंद म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कारखान्यासाठी कुंडलजवळच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीत, जागा देणारे हेच. 1938 मध्ये संग्रहालय उभं केलं आणि पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. गावपंचायती हा औंधच्या त्या राज्यघटनेचा पायाच होता. या तिन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच वृत्तीनं केल्या, असं मी मानतो. उत्तम ते आपल्या गावकऱ्यांच्या आवाक्यात असावं, त्यासाठी त्यांना मुंबई गाठायला लागू नये, ही ती वृत्ती. हे मनात ठेवून दालनं पाहा, म्हणजे मांडणी वेगळी दिसेल.

वही-पेन्सिल ने. सगळं टिपायच्या मागे लागू नकोस, दोन-तीन वस्तूच निवड आणि त्या काढून बघ. चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही, हात चालला की डोळा नीट पाहतो. तिथल्या कर्मचाऱ्यांशीही बोल, त्यांना कुठली वस्तू आवडते ते विचार.

जमलं तर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडीकडे जा. तुझा सगळ्यांत जास्त वेळ कशापाशी गेला, ते मला कळव.

तुझा,
काका