लिव्हरी टाकायच्या आधी हे बघ

मित्रा, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नवीन विमान घेतलंस की लगेच पन्नास लिव्हऱ्या (विमानावरची एअरलाइनची रंगसंगती) डाउनलोड करत बसू नकोस, आधी ते विमान कोल्ड अँड डार्क, म्हणजे सगळं बंद असलेल्या अवस्थेपासून चालू करायला शीक. एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), ब्लीड (इंजिनातून घेतलेली दाबाची हवा), एमसीडीयू (फ्लाइट कॉम्प्युटरचा कीपॅड आणि स्क्रीन) मध्ये रूट, वजन, व्ही स्पीड (टेकऑफचे ठरलेले वेग), हे हाताने जमलं की मग रंगकाम.

आणि लिव्हरी घेताना लोगो नंतर बघ, आधी व्हेरियंट (विमानाचा नेमका उपप्रकार) बघ. ए३२० निओ ला लीप किंवा प्रॅट अँड व्हिटनी, दोन्ही इंजिनं येतात, फ्लायबायवायर गटाचं फुकट मिळणारं ए३२एनएक्स (सिम्युलेटरमधलं ए३२० निओ) लीपवालं आहे, म्हणजे प्रॅटवाल्या विमानाचं रजिस्ट्रेशन (त्या एकाच विमानाचा नंबर) त्यावर रंगवलं तर कितीही सुंदर दिसो ते खोटंच. ७३७-८०० चं पण तेच, पंखाच्या टोकाला साधं वर वळलेलं विंगलेट की खाली पण टोक असलेलं स्प्लिट सिमिटार, त्या रजिस्ट्रेशनचा खरा फोटो शोधून ताडून बघ. नोज गिअरच्या (पुढच्या चाकाच्या) दारावरची बारीक अक्षरं नीट वाचता आली तर समज रंगवणाऱ्याने मेहनत घेतलीय.

८के टेक्स्चरचा (विमानावर चढवलेल्या रंगाच्या चित्राचा) मोह नको, ४के च्या चौपट मेमरी खातं आणि तू उडताना बसलेला असतोस कॉकपिटमध्ये, बाहेरचा रंग बघतंय कोण!

एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) मध्ये लिव्हरी कम्युनिटी फोल्डरमध्ये (बाहेरून आणलेल्या ॲड-ऑनचा फोल्डर) वेगळी टाक, मूळ विमानाच्या फायली उघडूच नको. दिसलीच नाही तर बहुतेक वेळा फोल्डरच्या आत फोल्डर झालेला असतो, नाहीतर टेक्स्चर बदलून लेआउट डॉट जेसन (लिव्हरीतल्या फायलींची यादी) परत बनवायची राहिलेली असते.