टेनिस एल्बो: इंजेक्शन, पट्टा की व्यायाम?

ऑक्टोबरच्या द्राक्षांच्या गोडी छाटणीपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकते, भरलेला तांब्याही उचलवत नाही आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. तर ते घ्यावे की फिजिओथेरपी करावी, असे आपण निफाडहून विचारले आहे. नाशिकमध्ये मी स्वतः या दुखण्यात वर्ष काढले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टेनिस एल्बोमध्ये मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे ती रोजच्या ताणाने झिजते. दिवसभर छाटणीची कात्री दाबणाऱ्या हाताला हे होणारच. यात सुजेपेक्षा झीज अधिक असते, त्यामुळे सूज उतरवणाऱ्या औषधाने मूळ बरे होत नाही.

नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के, फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना गुण आला होता. वर्षअखेरीस मात्र हेच आकडे अनुक्रमे ६९, ९१ आणि ८३ झाले. म्हणून, हंगाम कितीही निकडीचा असला तरी, मी इंजेक्शनची घाई करणार नाही. मधुमेह असल्यास इंजेक्शनने काही दिवस साखरही वाढते.

पट्टा कोपराच्या थोडा खाली बांधल्यास कामापुरता आराम मिळतो. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचे इंजेक्शन, महाग आहे, आणि चांगल्या चाचण्यांत ते साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलेले नाही.

माझा भर व्यायामावर आहे. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर ठेवून अर्धा किलो वजन धरावे. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार सोडून चार-पाच सेकंदांत सावकाश खाली आणावे. असे पंधरा वेळा, आणि अशा तीन फेऱ्या. करताना थोडे दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढले असेल तर वजन कमी करावे. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून मी हा व्यायाम सोडला आणि दुखणे परतले. निदान तीन महिने तो चालू ठेवावा. एप्रिलच्या खरड छाटणीला कात्रीची धार चोख ठेवा आणि काम मजुरांत वाटून द्या. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानही दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून निदान पक्के करून घ्या.