पोई खाल्ल्यावर पोट बिघडते. हा सिलिअ‍ॅक आजार असेल का?

सकाळी पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) आणि पातळभाजी खाल्ल्यावर पोट फुगते व जुलाब होतात, दुपारच्या शीतकढीने, म्हणजे भात-कालवणाने, मात्र काही होत नाही, असे आपण लिहिले आहे. सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते. ग्लुटेन गहू, बार्ली आणि राय यांत असते, तांदळात नसते, त्यामुळे शंका रास्त आहे. पण दोष एकट्या पोईचाच असेल असे नाही, कारण पातळभाजीतले वाटाणे आणि कांदाही पुष्कळांना वायू धरतात. दोनचार दिवस तीच भाजी पोळ्याबरोबर, म्हणजे तांदळाच्या घावनाबरोबर, खाऊन पाहिल्यास थोडा उलगडा होईल.

जुलाब अनेक आठवडे टिकणे, मल फिकट, तेलकट व दुर्गंधीयुक्त असणे, वजन घटणे आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे, ही लक्षणे सिलिअ‍ॅककडे बोट दाखवतात. काहींना पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच. नुसता अशक्तपणा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तपासणीआधीच गहू सोडणे. टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकमधली प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी, सोबत एकूण आयजीए (या प्रकारच्या प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण), गहू नेहमीप्रमाणे खात असतानाच करावी, नाहीतर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. चाचणी सकारात्मक आल्यास पोटविकारतज्ज्ञ बहुधा एंडोस्कोपीने लहान आतड्याचा तुकडा तपासतात. निदान पक्के झाल्यावर मात्र ग्लुटेन टाळण्याचे पथ्य जन्मभराचे, आणि त्यात स्वयंपाकघरातला हिंगही आला, कारण बाजारच्या हिंगात बहुतेकदा मैदा मिसळलेला असतो.