व्हीलचेअर लिफ्ट अर्ध्यात करकरते आणि अडकते. गाइड रेलला तेल घालू का?

तेल आज तरी घालू नका. आधी अडकते कुठे ते पाहा.

तुम्ही लिहिलंय की आईंसाठी साडेतीन फुटांच्या जोत्याला लिफ्ट बसवली, दोन वर्षं नीट चालली, आणि या उन्हाळ्यात वर जाताना करकरते, थांबते, पुन्हा बटण दाबलं की झटका देऊन निघते. मेकॅनिक नागपूरहून यायला आठवडा लागतो. माझं यवतमाळ जिल्ह्यात गावातच फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बाबांना लकवा झाल्यावर आम्हीही अशीच लिफ्ट बसवली. तीन फुटांच्या जोत्याला १:१२ उताराचा रॅम्प करायचा तर ३६ फूट लांबी लागते, तेवढं अंगणच नाही. म्हणून ती लिफ्ट बंद पडली की बाबा घरात अडकतात, हे मला ठाऊक आहे.

एक खडू घ्या. रिकामी लिफ्ट चालवा आणि जिथे थांबते तिथे रेलशेजारी रेघ मारा. पाच-सहा खेपा करा. रेघा एकाच उंचीवर पडल्या तर दोष बहुधा रेलमध्ये किंवा शूमध्ये आहे. शू म्हणजे प्लॅटफॉर्मला लावलेला, रेलच्या खाचेत सरकणारा नायलॉनचा तुकडा. कुठेही पडल्या, आणि तेही शेतातले पंप सुरू असताना, तर व्होल्टेज तपासून घ्या. रेलला हात लावायची गरज नाही.

रेघ एकाच जागी असेल तर लिफ्ट पूर्ण खाली आणा, मेन स्विच बंद करा, मग सफाई. प्लॅटफॉर्म वर असताना खाली हात किंवा डोकं अजिबात घालू नका, ते काम मेकॅनिकचं. रेलची खाच कोरड्या सुती कापडाने पुसा, कोपऱ्यात जुना दात घासायचा ब्रश चालवा. मी पहिल्या वर्षी खाचेत ग्रीस भरलं होतं. वेचणीचे दिवस, ओसरीत कापूस रचलेला, शेजारी कुटाराची धूळ. पंधरा दिवसांत बाबा दोन फुटांवर अडकले. नंतर खाचेत बोट फिरवलं तर ग्रीसमध्ये कापसाचे तंतू वळून निरांजनातल्या वातीसारखी काळी, बोटभर लांब वात निघाली. त्यात बारीक माती होती, म्हणजे नायलॉनच्या शूवर पॉलिश पेपरच घासत होता. कुंभारीण माशीचं घरही तिथे सापडू शकतं, ते लाकडी काडीने काढा. तेल-ग्रीसचं म्हणाल तर तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच. काही लिफ्टमध्ये सुरक्षेची पकड रेललाच धरते, तिथे भलतं तेल लागलं तर ती पकड घसरू शकते.

सफाईनंतरही त्याच रेघेवर अडकली तर ओळंबा लावा. गवंड्याकडे मिळतो. रेलच्या वरच्या टोकाजवळून दोरी सोडा, लोलक स्थिर होऊ द्या आणि दोरी ते रेल हे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. समोरून एकदा आणि बाजूने एकदा. आमच्याकडे वर ४० मिलिमीटर होतं, खाली ४६, म्हणजे रेल सहा मिलिमीटर कलली होती. दोन रेल असतील तर त्यांच्यामधलं अंतरही तीन ठिकाणी घ्या. कमी झालं तिथे शू आवळला जातो, आणि खडूची रेघ बहुधा तिथेच असते. नायलॉनचा शू एकाच बाजूने झिजलेला दिसला तरी अर्थ बहुधा तोच: रेल कलली आहे.

लोक म्हणतात उन्हाने लोखंड फुगलं. ४० अंशांचा फरक पडला तरी दोन मीटरची रेल एक मिलिमीटरसुद्धा लांबत नाही. तेवढ्याने लिफ्ट अडकायची नाही. खरं कारण पायाखाली असतं. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. रेलचं वरचं ब्रॅकेट घराच्या भिंतीला असतं आणि खालचा बेस अंगणातल्या वेगळ्या काँक्रीटवर. घराचा पाया खोल, ते काँक्रीट उथळ. जमीन हलली की काँक्रीट एकटंच हलतं आणि रेल तिरपी होते. आमच्याकडे न्हाणीचं पाणी त्या काँक्रीटच्या कडेला मुरायचं. ते पाइप टाकून दूर नेलं, तेव्हापासून फरक पडला. म्हणून मी ओळंबा वर्षातून दोनदा लावतो: अक्षय तृतीयेला जमीन कोरडी असताना आणि पोळ्याला ती भिजलेली असताना.

ब्रॅकेटमागे पॅकिंग, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून रेल सरळ करणं मला जमलं असतं, पण ते मेकॅनिककडूनच करून घेतलं. रेल हलली की लिमिट स्विचची, म्हणजे वर-खाली टोकाला लिफ्ट आपोआप थांबवणाऱ्या स्विचची, जागाही पाहावी लागते. तुम्ही फक्त मोजमापं आणि झिजलेल्या शूचा फोटो त्याला आजच पाठवा, म्हणजे शू आणि पॅकिंग घेऊनच येईल, दुसरी खेप पडणार नाही. काम झालं की प्रत्येक नटवर आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक सलग रेघ ओढायला सांगा. नट सैल झाला की ती रेघ तुटलेली दिसते.

तोवर आईंना त्यात बसवू नका, दोघांनी धरून खुर्ची उतरवा. वीज गेल्यावर हाताने खाली आणायची सोय कुठे आहे ते विचारून घ्या आणि मेकॅनिकसमोर एकदा स्वतः करून पाहा. आणि दुरुस्ती झाल्यावर पहिल्या दहा खेपा लिफ्टच्या क्षमतेत बसतील एवढे सोयाबीनचे कट्टे ठेवून करा. आई अकराव्या खेपेला.