वाचकांचे प्रश्न : जपानी छापचित्रातली परकी भाषा

प्रश्न : एका जुन्या जपानी छापचित्राची प्रतिकृती पाहण्यात आली. त्यात उंच टोपी घातलेला एक पाश्चात्य पुरुष असून वरच्या कोपऱ्यात जपानी अक्षरांच्या उभ्या ओळी आहेत. ती इंग्रजी शब्दांची यादी असल्याचे सांगतात. हे शक्य आहे का? चित्रकाराला इंग्रजी येत होते का? – एक वाचक, परभणी

उत्तर : शक्य आहे. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया व हॉलंड येथील लोक तेथे राहू लागले. त्यांना पाहण्याची एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रहिवाशांना एवढी उत्सुकता होती की ‘योकोहामा-ए’ या नावाने ओळखली जाणारी छापचित्रे निघू लागली आणि १८६०-६१ मध्ये त्यांना बहर आला. त्यांपैकी काहींत परभाषेतले शब्द काना या जपानी उच्चारदर्शक लिपीत लिहून शेजारी जपानी अर्थ दिलेला आढळतो.

चित्रकाराला मात्र ती भाषा येत असेलच, असे नाही. सादाहिदे या चित्रकाराने योकोहामा स्वतः पाहून त्याविषयी सचित्र पुस्तक केले; पण अनेकांनी परदेशी सचित्र साप्ताहिकांतली चित्रे समोर ठेवूनच काम भागवले. मुळात इंग्रजी जाणणारे फार थोडे होते, कारण दोनशेहून अधिक वर्षे युरोपशी संबंध आला तो डचांमार्फत. डच भाषेचा कसून अभ्यास केलेले जपानी विद्वान फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामाला गेले, तेव्हा त्यांना दुकानांवरच्या पाट्याही वाचता आल्या नाहीत.

त्यामुळे अशा शब्दांत कानाला जे ऐकू आले तेच उतरले आहे. काना लिपीत ‘न’ वगळता व्यंजनाला स्वराची जोड लागते आणि ‘ल’ व ‘र’ यांना एकच अक्षर आहे. ‘अमेरिकन’चे ‘मेरिकेन’ झाले, तर रविवारसाठी असलेल्या डच ‘झोनडाख’चे ‘दोन्ताकु’. आपल्या परभणीकडच्या आजीने ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ केले, तोच हा कान. मला त्यात अज्ञानापेक्षा जिवंत कुतूहल अधिक दिसते.

हे कुतूहल जुनेच होते. योकोहामा खुले होण्याच्या कितीतरी आधी होकुसाई या प्रसिद्ध जपानी चित्रकाराने काही निसर्गचित्रांवर स्वतःची सही काना अक्षरेच आडवी पाडून अशी केली की ती लांबून डच लिखाणासारखी भासावी. मान वाकडी करून पाहिले, की ‘होकुसाई एगाकु’, म्हणजे ‘होकुसाईने काढले’, असे जपानीत सरळ वाचता येते.